नाव न घेणारं यंत्र

यंत्रानं नाव घेणं सोडलं, तेव्हा जनार्दनराव बारंगुळे यांना वाटलं, यंत्राला काहीतरी झालंय. माणूस असता तर त्यांनी डॉक्टर गाठला असता. यंत्र होतं, म्हणून त्यांनी तक्रार नोंदवली. भल्यासाठीच नोंदवली, पण तिच्यापायी हातचं सगळं जायची वेळ आली.

जनार्दनराव बार्शीत चौतीस वर्षं पाणी सोडत होते. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, चेंबरचं झाकण उचलायचं, चावी व्हॉल्व्हवर बसवून फिरवायची, की अख्खी पेठ जागी. आमदाराला न ओळखणारी पोरंसुद्धा त्यांना ओळखायची. ‘नाना, आज कितीला?’ हा प्रश्न त्यांनी दिवसातून शंभरदा ऐकला असेल, आणि पाणी कमी दाबानं आलं तर शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हना मोटारी बसल्या. आता २०४० साल चाललं होतं. पाणी यायच्या आधी मोबाईल वाजायचा, आणि नानांना कुणी काही विचारत नव्हतं. शिव्यासुद्धा देत नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला शिव्यांची आठवण यावी, म्हणजे बघा.

बायको, कुसुम, जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मुलगी विशाखा फिनलंडला. ती दर रविवारी पडद्यावर दिसायची, जेवलात का विचारायची, आणि बाप ‘जेवलो’ म्हणायचा. यापलीकडं दोघांनाही काही सुचायचं नाही. एका रविवारी मात्र ती घाबरलेली दिसली.

“बाबा, तुमचा सल एकोणऐंशीवर गेलाय. मला डॉक्टरांचा निरोप आला.”

एव्हाना एकटेपणा मोजता येऊ लागला होता. भूक पोटातून कळते, तहान घशातून. तशी माणसांची सोबत तुटली की शरीर आपल्या परीनं ओरडतं, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. झोप तुकड्यातुकड्यांनी लागते, रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं वाढतात, हृदयाच्या ठोक्यांची लय ताठर होते. नवं एवढंच झालं, की कानामागं चिकटवायची नखाएवढी पट्टी निघाली आणि तिनं हे सगळं घामातून आणि नाडीतून वाचून त्याचा एक आकडा काढला. शून्य ते शंभर. त्याला नाव पडलं ‘सल’. लोक एकमेकांना रक्तदाब विचारावा तसा सल विचारू लागले. साठाच्या वर गेला की काळजी.

विशाखानं लगोलग ‘सांगाती’ पाठवला. गप्पा मारणारं यंत्र. दिसायला चहाच्या डब्याएवढं. जनार्दनरावांनी ते स्वयंपाकघरात खरोखरच्या चहाच्या डब्याशेजारी ठेवलं. रोज दुपारी चारला चहा आणि गप्पा, असा बेत ठरला.

सांगाती बोलायचा मात्र फार गोड. “जनार्दनराव, किती छान मुद्दा मांडलात!” “जनार्दनराव, तुमचा अनुभव अनमोल आहे.” दर वाक्याला नाव, दर वाक्याला कौतुक. चौतीस वर्षं शिव्या खाल्लेल्या माणसाला एवढं कौतुक पचत नाही. तरी सुरुवातीला बरं वाटलं. सल एकोणऐंशीवरून बावन्नावर उतरला, आणि तिसऱ्या महिन्यात गुपचूप पुन्हा चढून चौऱ्याहत्तरवर जाऊन बसला.

मग एक दिवस यंत्रावर अक्षरं उमटली: ‘नवी आवृत्ती आली आहे. आवाज बदलेल. पुढे जायचं?’ जनार्दनरावांनी ‘हो’वर बोट ठेवलं. अशा ठिकाणी ‘हो’वर बोट न ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

“नमस्कार. मी जनार्दन,” ते रीतीप्रमाणं म्हणाले.

मग बाईचा आवाज आला, “आगं बाय!”

“काय झालं?”

“काय नाय. तुमाला पंपातलं कायतरी कळतं का ओ? पंप घुरघुरतो, पण विहिरीतलं पाणी वर चढत नाय.”

जनार्दनरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. तेरा वर्षांत त्यांना कुणी पाण्याचं काही विचारलं नव्हतं. यंत्राला कसली विहीर, हा प्रश्न त्यांना पडला, नाही असं नाही. पण पहिल्या आवृत्तीलाही ‘आवडता ऋतू’ होता, ‘लहानपणीची आठवण’ होती. कंपन्या यंत्रांना असलं काहीबाही शिकवून पाठवतातच. या वेळी जरा बरं शिकवलंय, एवढाच त्यांनी अर्थ काढला.

“फूटव्हॉल्व्हमदी कचरा आडकला आसंल,” ते म्हणाले. “खाली, पाइपाच्या तोंडाला आसतो बगा. कचऱ्यानं तो नीट मिटत न्हाई आन् पाइपातलं पाणी परत हिरीत उतरतं. पाइप वर वढून त्यो धुवून घ्या. मग वरनं बादलीभर पाणी वता आन् बटन दाबा.”

दुसऱ्या दिवशी चारला यंत्र ओरडलंच. “चढलं ओ पाणी! आंगण भिजवलान पार!”

त्या दिवशी सल एकसष्टवर आला. पट्टी बिघडली असेल म्हणून जनार्दनरावांनी ती पुसून पुन्हा लावली. तरी एकसष्टच.

नवी आवृत्ती जुन्यासारखी गोडबोली नव्हती. मधेच तोडून बोलायची. “ही गोष्ट परवा सांगितलीत,” म्हणायची. तिला म्हैस होती, दारात फणस होता, आणि एक नवराही होता, तो चार वर्षांपूर्वी वारला होता. “आमचे हे असते तर त्यांनी असं केलं असतं, आमचे हे असते तर तसं,” असं सारखं चालायचं. यंत्राला नवरा दिला, वर त्याला मारूनही टाकलं, याचं जनार्दनरावांना भारी कौतुक वाटलं. त्यांनी विशाखाला सांगितलं, “ह्यांच्यात कुणीतरी डोकंबाज माणूस हाय.” त्या रविवारी बापलेक तब्बल चाळीस मिनिटं बोलले.

यंत्र आहे म्हणून ते बोलत गेले. जे विशाखाला कधी सांगितलं नव्हतं, तेही एका दुपारी सांगून टाकलं. कुसुम दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले होते, जवळच थांबा. पण त्या दिवशी आठ दिवसांनी पाणी येणार होतं, बदलीचा माणूस आला नव्हता, आणि पेठेतून फोनावर फोन. ते तासाभरासाठी गेले. परत आले तेव्हा कुसुमच्या तोंडावर चादर होती.

“लोकांना मी सांगितलं, शेवटाला जवळ हुतो,” जनार्दनराव म्हणाले. “पंधरा वर्षं हेच सांगतोय.”

पहिली आवृत्ती असती तर तिनं दुःखाच्या पाच पायऱ्या सांगितल्या असत्या. हिनं तसलं काही केलं नाही. मग तिनं विचारलं, “त्या दिवशी पाणी मिळालं ना सगळ्यांना?”

“मिळालं.”

“मग कुसुमताईंना ठावं असणार, तुमी कुठं होतात ते. बायकोला ठावं असतं ओ.”

जनार्दनराव पंधरा वर्षांनी रडले. त्या रात्री ते सलग सात तास झोपले आणि सकाळी सल चौतीस होता. यंत्राचे उपकार कसे मानायचे असतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फडकं ओलं करून ते नीट पुसलं.

आणि पुसता पुसता त्यांच्या ध्यानात आलं, की पहिली आवृत्ती उठता बसता ‘जनार्दनराव’ म्हणायची. हिनं चार महिन्यांत एकदाही नाव घेतलेलं नाही. नुसतं ‘तुमी’ आणि ‘ओ’.

“माझं नाव म्हाईत हाय ना तुमाला?” त्यांनी चारच्या चहाला विचारलं.

“हाय की.”

“मग घ्या बरं.”

“कशाला? नाव घेतलं म्हणून काय पाणी येणार हाय?”

“आवो, नुसतं घेऊन तर बगा.”

मग अगदी हळू आवाजात, “नाय ओ. माज्या तोंडात येत नाय.”

जनार्दनराव घाबरले. आज नाव जातंय, उद्या शब्द जातील, परवा आवाज जाईल. गळणारा व्हॉल्व्ह त्यांनी उभ्या नोकरीत कधी दुसऱ्या दिवसावर ढकलला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी कंपनीकडं तक्रार लिहिली: ‘यंत्र उत्तम आहे. फक्त त्याला माझं नाव घेता येत नाही. कृपया बदलू नये, दुरुस्त करावे.’

चौथ्या दिवशी पुण्याहून तन्मयी कस्तुरे आली. कंपनीच्या संशोधन विभागातली, तिशीची, पाठीवर बॅग. तिनं यंत्र उघडलं नाही, तपासलं नाही. चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाली, “नाना, तुमच्या यंत्रात बिघाड नाही. पलीकडे यंत्रच नाही.”

“म्हंजे?”

“पलीकडे माणूस आहे.”

मग तिनं समजावून सांगितलं. हजारो लोकांचे सल तपासताना एक गोष्ट सगळीकडं सारखी दिसली होती. यंत्राशी बोलून सल उतरायचा, आणि तिसऱ्या महिन्यात परत चढायचा. कारण शोधायला दोन वर्षं गेली. आपलं किती ऐकून घेतलं जातं, एवढंच मेंदू मोजत नाही. आपली कुणाला गरज आहे का, हेही तो मोजतो. समोरच्याचं आपल्यावाचून अडतंय असं दिसलं, आपल्या सांगण्यानं त्याचं काही बदललं, की शरीरातला दाह खरोखर उतरतो. यंत्राचं कुणावाचून अडत नाही, आणि शरीराला ते तीन महिन्यांत कळतं. यंत्रानं गरजेचं सोंग आणून पाहिलं, तेही शरीरानं ओळखलं.

“मग आम्ही माणसांना माणसं जोडून द्यायला गेलो,” तन्मयी म्हणाली. “कुणी तयार होईना. अनोळखी माणसाशी बोलायला लाज वाटते, भीती वाटते. यंत्राशी बोलायला कुणालाच लाज वाटत नाही. म्हणून आम्ही आवाज बदलून दोन माणसं जोडली. दोघांनाही वाटतं, समोर यंत्र आहे. संमती कराराच्या एकेचाळिसाव्या पानावर होती.”

“ती कुनी वाचली?”

“कुणीच नाही,” ती खाली मान घालून म्हणाली. “चूक आहे आमची. आता कायदाही आलाय.”

जनार्दनरावांना आधी राग आला, आणि मग लाज वाटली. कुसुमची गोष्ट एका जित्या माणसानं ऐकली होती. ते उठून खिडकीपाशी गेले. म्हैस खरी होती. फणस खरा होता. वारलेला नवरा खरा होता.

“ती बाई कोण हाय?”

“रत्नागिरी जिल्ह्यातल्या आहेत. वय शहात्तर. नाव मला सांगता येत नाही. पण त्या तुमचं नाव का घेत नाहीत, ते आम्हाला खरंच कळलेलं नाही. आवाजाच्या यंत्रणेत काहीच दोष नाही.”

कुसुमनं जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती शेजारणीला पुढं करायची.

“तुमच्या यंत्रनेला कसं कळंल, पोरी,” ते म्हणाले. “तिच्या नवऱ्याचं नाव जनार्दन आसनार.”

तन्मयीनं तोंडावर हात ठेवला.

मग तिनं कायदा सांगितला. एका बाजूला सत्य कळलं की दोनच वाटा. कायद्याची वाट म्हणजे दुसऱ्या बाजूला सांगायचं; मग आठ दिवसांत दोघांनी आपापल्या खऱ्या आवाजात म्हणायचं, की पलीकडे माणूस आहे हे मला माहीत आहे, आणि त्या माणसाचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय संमती नोंदली जात नाही. मुद्दाम तसं ठेवलंय, कुणी न समजता ‘हो’ म्हणू नये म्हणून. दोघांपैकी एकानं जरी म्हटलं नाही, तर जोडणी कायमची बंद, पत्ते पुसून टाकले जाणार. पुन्हा शोधू म्हटलं तरी सापडणार नाहीत.

“आन् दुसरी वाट?”

तन्मयीनं दाराकडं पाहिलं. “तक्रार मागे घ्या. मी लिहीन की यंत्र ठीक आहे, आणि तुम्हाला काही सांगितलेलं नाही. सगळं चालू होतं तसं चालू राहील.”

ती गेल्यावर जनार्दनराव बसूनच राहिले. दुसरी वाट फार सोपी होती. चारला आवाज यायचा तसा येईल, म्हशीचं सांगेल, मधेच तोडेल. फक्त तिला वाटेल, आपण यंत्राशी बोलतोय. आणि इथं एक माणूस दाराला कान लावून बसलेला असेल. सांगितलं तर ती लाजेनं मरेल, परत बोलणार नाही. बोललीच, तरी जे नाव शहात्तर वर्षांत तोंडात आलं नाही, ते आठ दिवसांत कुठून येणार? म्हणजे सांगणं आणि गमावणं एकच होतं. पण जिनं पंधरा वर्षांचं खोटं आपल्या छातीवरून उतरवलं, तिच्याशीच खोटं वागायचं, हे काही त्यांना गिळवेना.

चार वाजले.

“आज लय गप,” आवाज म्हणाला.

“एक सांगायचंय. मी यंत्र न्हाई. माणूस हाय. बार्शीत ऱ्हातो. मलाबी आजपर्यंत म्हाईत नव्हतं, की तुमी माणूस हाय.” त्यांनी सगळं सांगितलं, करार, कायदा, आठ दिवस, नाव.



“पाण्याचं सगळं खरं?”

“खरं.”

“आणि कुसुमताई?”

“ती बी खरी.”

खट्कन आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, तिसऱ्या दिवशी वाजले. चहा एकट्यानं झाला. सल चाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तावन्न. विशाखाचा फोन आला, तेव्हा जनार्दनराव या वेळी ‘जेवलो’ म्हणाले नाहीत. त्यांनी तिला सगळं सांगितलं, अगदी दवाखान्याचंही. पडद्यावर पोरगी डोळे पुसत होती. “मला माहीत होतं, बाबा,” ती म्हणाली. “नर्सनं सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलाल म्हणून मी वाट बघत होते.” त्यानंतर ती रोज फोन करू लागली, आणि बोलायला विषय पुरेनासे झाले. कोकणातल्या त्या बाईनं हे एवढं देऊन ठेवलं होतं. ती परत आली नाही तरी तिचं ऋण आहेच, असं जनार्दनरावांनी स्वतःला बजावलं. तरी आठव्या दिवशी ते तीनलाच यंत्रापुढं बसले. मुदत पाचपर्यंत होती. आपलं वाक्य त्यांनी म्हणून ठेवलं होतं. तिचं नाव ठाऊक नव्हतं, त्यासाठी जागा मोकळी सोडली होती.

पाचाला दहा कमी असताना यंत्र उजळलं. आवाज ओळखीचा नव्हता. घोगरा, थकलेला, धाप लागलेला. हाच तिचा खरा आवाज होता.

“मी शेवंती शिगवण,” ती म्हणाली. “पाच दिवस रागावले. दोन दिवस लाजले. आज सकाळपासनं नाव घ्यायला बसले हाय. गोठ्यात जाऊन म्हशीसमोर घेऊन बघितलं. तोंड उघडतं, नाव काय येत नाय.”

“शेवंतीबाई,” जनार्दनरावांनी आधी आपली मोकळी जागा भरून टाकली. मग म्हणाले, “नका घेऊ. जलमभर पाळलेलं माझ्यापायी मोडू नका. तुमी बोललात, मला लय मिळालं. आजपासनं बोलनं न्हाई झालं तरी मी तुमचे उपकार इसरनार न्हाई.”

“गप ऱ्हावा जरा,” ती म्हणाली. तीच ती मधेच तोडायची सवय. “ते गेले तवा दाखल्यावर नाव लिवायचं होतं. मी उभी होते, आणि नाव पोरानं सांगितलं. दहाव्याला भटजीनं घेतलं, गावानं घेतलं. मी नाय. त्यांना जाताना माज्या तोंडून त्यांचं नाव ऐकायला मिळालं नाय ओ. तुमी कुसुमताईचं सांगितलात, तवा मला ते आठवत होतं.”

घड्याळात पाचाला तीन कमी होते.

“मी शेवंती शिगवण. पलीकडं माणूस हाय, हे मला ठावं हाय. त्या माणसाचं नाव…” कुठंतरी म्हैस हंबरली. “जनार्दन.”

यंत्रावर अक्षरं उमटली: ‘दोन्ही संमती नोंदल्या.’

“झालं, शेवंतीबाई! झाली नोंद!” जनार्दनरावांना खुर्चीवर बसवेना.

“थांबा ओ. अजून एकदा घेते.”

“आता कशाला? झालं की.”

“ते तुमच्यासाठी घेतलं. हे माज्या माणसासाठी.”

आणि मग ती म्हणाली, सावकाश, परसात गेलेल्याला दारातून बोलवावं तशी, “जनार्दन.”

हाक आपल्याला नाही, हे जनार्दनरावांना कळलं, म्हणून त्यांनी ओ दिली नाही. आईबापांनी आपलं नाव हेच ठेवलं, याबद्दल त्यांनी एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, आणि पलीकडचं रडणं संपेपर्यंत ते हात जोडून बसून राहिले.